ताठ मानेची माणसे

यंदा आमच्या घरी विकतचा आकाशकंदील लागणार आहे.

पुष्कळ वाचकांच्या घरी तो दरसालच विकतचा लागत असेल. त्यात सदर लिहावे असे काय घडले, असे कोणी विचारील तर ते गैर नाही. पण मला कळू लागल्यापासून आमच्या दारात दुकानातला कंदील आलेला नाही. माझे वडील, ज्यांना आम्ही नाना म्हणतो, शाळेत चित्रकलेचे मास्तर होते. कोजागरी झाली की त्यांचे कामट्या तासणे सुरू व्हायचे. मग खळ शिजायची, घोटीव कागदाचे ताव यायचे आणि चार दिवस पुढच्या खोलीत कोणाला पाय ठेवायची सोय उरायची नाही. आई दरसाल म्हणायची, "या कंदिलापायी एक दिवस माझ्या चकलीत खळ जाणार आहे." ती कधी गेली नाही, निदान आम्हांला चवीवरून तरी कळली नाही.

गेल्या वर्षीचा कंदील वाकडा झाला. एक पाकळी आखूड, दुसरी लांब, कागदावर सुरकुत्या, आणि झिरमिळ्या तर उंदराने कुरतडल्यासारख्या. सगळ्यांना ते दिसले. कोणी बोलेना, तेव्हा मीच बोललो. म्हणालो, "नाना, यंदा तुम्ही नवचित्रकलेकडे वळलात वाटतं?" सगळे हसले. नानाही हसले. हा विनोद मी त्या दिवाळीत फराळाला आलेल्या मंडळींपुढे आणखी दोनतीनदा केला, हेही इथे लिहून ठेवतो. पुढे जे घडले त्यात तो विनोद नेमका कुठे बसतो, ते माझे मलाच पाहायचे आहे.

दिवाळीनंतर बारीकसारीक गोष्टी दिसू लागल्या. म्हणजे दिसत होत्या आधीपासूनच. आम्ही त्या पाहू लागलो नव्हतो, एवढेच. नानांचे अक्षर छापल्यासारखे. नातेवाइकांना दिवाळीची पोस्टकार्डे अजूनही हाताने लिहिणारे आमच्या गल्लीत ते एकटेच. त्या कार्डांवरचे अक्षर मुंगीच्या पायांना शाई लागून ती कागदावरून गेल्यासारखे झाले होते. सदऱ्याची बटणे लावायला त्यांना पाच मिनिटे लागत, आणि वरचे बटण ते उकाड्याचे निमित्त सांगून उघडेच ठेवीत; पौषातसुद्धा! भाजीवाल्याला सुटे पैसे द्यायचे तर सगळा बटवाच त्याच्यापुढे धरीत. चालताना पाय पुढे टाकण्याआधी जमीन आहे ना, याची खात्री करून घेतल्यासारखे चालत. एकदा आईला म्हणाले, "बोटांना मोजे घातल्यासारखं वाटतं गं." आईने त्यांना खोबरेल तेल चोळले.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, "पंचाहत्तरी आली. आता हात थरथरायचेच." आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या. वास्तविक नानांचा हात थरथरत नव्हता. तो ऐकत नव्हता. या दोन गोष्टींत फरक आहे, हे मला, मराठीच्या प्राध्यापकाला, तिथल्या तिथे म्हणता यायला हवे होते. क्रियापदाचा नेमका उपयोग करा, असे मी वर्गात मुलांना सांगत असतो. दवाखान्यात मात्र मी मान डोलावली आणि पैसे देऊन बाहेर पडलो.

मान आखडते ही नानांची जुनी तक्रार. त्यावर त्यांचा उपायही जुनाच. केस कापून झाले की ते न्हाव्याकडून मान मोडून घेत. दोन्ही बाजूंना कडकड असा आवाज आला की डोळे मिटून "आहाहा" म्हणत. या उपायाबद्दल शल्यचिकित्सक पुढे काय बोलले, ते मी इथे सभ्य भाषेत सांगतो: ज्यांच्या हातापायांत असा जडपणा आहे त्यांनी मानेला हिसडा देऊ नये, कोणाला देऊही देऊ नये.

गुढीपाडव्याच्या दुपारी नाना गच्चीच्या उंबरठ्याला अडखळून पडले. पडणे तरी ते काय! पोराने बसकण मारावी तसे. खरचटलेसुद्धा नाही. पण दोन्ही हातांतले बळ जे गेले, ते पाण्याचा पेला उचलेना. त्यांनी पेल्याकडे पाहिले आणि मग माझ्याकडे पाहिले. ते पाहणे मी विसरलेलो नाही.

रुग्णालयात एम.आर.आय. झाला, सी.टी. झाला. तिसऱ्या दिवशी हात थोडे हलू लागल्यावर डॉक्टर पलंगाशी येऊन बसले आणि म्हणाले, "मास्तर, मूठ मिटा, उघडा. जमेल तितकी भरभर. मी दहा सेकंदं मोजतो." ही परीक्षा जपानी डॉक्टरांनी रूढ केलेली. निरोगी माणूस दहा सेकंदांत २० किंवा त्याहून अधिक वेळा मूठ उघडतो-मिटतो. नानांची आठ वेळा झाली. वाचकांपैकी निम्म्या जणांनी हे वाचता वाचता अंक मांडीवर ठेवून मूठ उघडझाप करायला सुरुवात केली असेल, हे मला ठाऊक आहे. मीही केली होती. करून पाहावी, पण एखादी कमी भरली म्हणून रात्रीची झोप घालवू नये. मग त्यांनी विचारले, "बटणं लावता येतात? वरणभात कालवता येतो?" जपानात ह्याच ठिकाणी काड्यांनी जेवता येते का, असे विचारतात, त्यांच्या अस्थिरोगतज्ज्ञांच्या संघटनेने तो प्रश्न गुण देण्याच्या तक्त्यातच घातला आहे. मला हा तक्ता फार आवडला. माणसाचा कणा कसा आहे, हे त्याच्या ताटात पाहून ठरवायचे.

आता रोगाविषयी. आपल्या मानेत सात मणके. त्यांच्या पाठीमागच्या कमानी मिळून एक नळी तयार होते आणि तिच्यातून मज्जारज्जू खाली जातो. हातापायांना मेंदूचे जे हुकूम सुटतात ते सगळे याच वाटेने. ह्या नळीच्या पुढच्या भिंतीला, मणक्यांच्या मागच्या अंगाला चिकटून, एक चिवट पट्टी मानेपासून थेट कमरेखालपर्यंत गेलेली असते. ही मणक्यांना एकमेकांशी बांधून ठेवते. इंग्रजीत लिगामेंट, आपल्याकडे अस्थिबंध. अस्थींना बांधतो तो अस्थिबंध, इतका सरळ समास. पण काही माणसांत उतारवयाच्या सुमारास ही पट्टी स्वतःच हळूहळू हाड बनू लागते. बांधणाराच अस्थी झाला, तर समास कसा सोडवावा? नळीची पुढून मागे रुंदी ती केवढी, दीड सेंटिमीटरच्या आसपास. त्यात हे हाड वर्षानुवर्षे जाड होत जाते आणि रज्जूला मागे रेटत राहते. रज्जू बिचारा सोसतो, चपटा होतो, तक्रार करीत नाही. मग एके दिवशी उंबरठ्याचे निमित्त होते.

डॉक्टरांनी पडद्यावर चित्र दाखविले. नळीच्या काळ्या पोकळीत उभी पांढरी रेघ होती. नाना चष्मा लावून पाहत होते. म्हणाले, "फळ्यावर खडूनं ओढल्यासारखी आहे. हात स्थिर आहे काढणाऱ्याचा."

या रोगाचे पूर्ण नाव मराठीत करायचे तर 'पश्च अनुदैर्घ्य अस्थिबंधाचे अस्थीभवन' असे होते. मी एम.ए.च्या वर्गाला शिकवतो, तरी हे एका दमात मला म्हणता येत नाही. डॉक्टर त्याची चार इंग्रजी आद्याक्षरे घेऊन मोकळे होतात, आणि या एका बाबतीत मी त्यांना दोष देत नाही.

लंडनच्या गायज हॉस्पिटलमधील शल्यवैद्य की यांनी मणक्यांच्या अस्थिबंधांमुळे आलेल्या पक्षाघाताविषयी १८३८ सालीच लिहिले होते. पण पुढे शंभरसव्वाशे वर्षे कोणी फारसे लक्ष दिले नाही. १९६० साली जपानमध्ये त्सुकिमोतो यांनी शवविच्छेदनात हा प्रकार पाहून प्रसिद्ध केला, आणि मग जपानी डॉक्टरांना तो जागोजाग दिसू लागला. इतका की परदेशात त्याला 'जपानी रोग' म्हणू लागले. तिथल्या प्रौढांचे एक्स-रे काढले तर शंभरात दोन ते चार जणांच्या मानेत ही रेघ सापडते. बायकांपेक्षा पुरुषांत दुपटीच्या घरात. त्यातल्या पुष्कळांना जन्मात काही त्रास होत नाही, हेही सांगितले पाहिजे. जपान सरकारने १९७५ साली ह्या विकाराच्या अभ्यासासाठी खास समिती नेमली, आणि आजही तो तिथल्या दुःसाध्य रोगांच्या सरकारी यादीत आहे. रोग जपानी नाही, हे पुढे कळलेच. तो युरोपातही आहे, आणि आमच्या नानांच्याही मानेत आहे, जे आयुष्यात एकदाच विमानात बसले, तेही नागपूरला जायला.

सगळे समजावून झाल्यावर डॉक्टर सहज म्हणाले, "घरात आणखी कोणाला असं काही होतं? वडील, भावंडं?"

नाना गप्प बसले. मग म्हणाले, "आमचे वडील ताठ मानेचे होते."

आमच्या आजोबांची ताठ मान हा आमच्या घराण्याचा एकमेव ऐतिहासिक वारसा आहे. इनाम नाही, वाडा नाही, मान आहे. आजोबा कचेरीत कारकून होते, आणि मामलेदार समोर आला तरी त्यांनी कधी मान लवविली नाही, अशी कथा आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. त्यापायी त्यांची बढती दोनदा हुकली, असे आजी अभिमानाने सांगे. भिंतीवरच्या फोटोतही ते तसेच आहेत: पगडी, उपरणे आणि भिंतीत खिळा ठोकावा तशी सरळ मान. शेवटची दोन वर्षे ते अंथरुणाला खिळून होते. "अंगावरून वारं गेलं," असे तेव्हा म्हणत आणि पुढे कोणी विचारीत नसे.

मी डॉक्टरांना म्हणालो, "म्हणजे आमच्या आजोबांचा बाणेदारपणा हा..." ते हसले. म्हणाले, "फोटोवरून निदान होत नाही, सर. असेल, नसेलही. बाणेदारही असतील की!" मला हे उत्तर आवडले. आजोबांचा स्वाभिमान माझ्या हातून त्या दिवशी थोडक्यात वाचला. पुढे वाचताना असेही कळले की या रोगाचे एक भावंड आहे, ज्यात मणक्यांच्या पुढच्या अंगाचे अस्थिबंध हाडावतात आणि पाठ ताठ होते. फॉरेस्टिए आणि रोटेस-केरॉल या दोघांनी १९५० साली त्याचे वर्णन केले. इजिप्तच्या दुसऱ्या रामसेस राजाच्या ममीचे जुने एक्स-रे २००४ साली पुन्हा तपासले गेले, तेव्हा तपासणाऱ्यांनी त्याच्या पाठीला हेच भावंड चिकटवले. राजाची गोष्ट वेगळी म्हणा. त्याला कोणापुढे मान लववायचा प्रसंगच नव्हता.

सांगलीच्या आत्याला मी फोन केला. आत्या म्हणजे नानांची धाकटी बहीण. नानांची हकीकत सांगून विचारले, "आत्या, तुझी मान कशी आहे?" पलीकडे बराच वेळ शांतता. मग आत्या हळू आवाजात म्हणाली, "मान वळवायची तर मी सगळीच वळते रे. पण हे बाहेर कुठे बोलू नकोस. सुमीचं बघायचं चाललंय."

सुमी म्हणजे आत्याच्या मुलीची मुलगी. मी तिचा मामा लागतो. आता कोणी म्हणेल, आजीच्या मानेचा आणि नातीच्या लग्नाचा काय संबंध? ज्यांनी मुली उजवल्या आहेत त्यांना मी हे समजावून सांगायला नको. आपल्याकडे स्थळ पाहताना कोड विचारतात, दमा विचारतात, डोक्यावर परिणाम विचारतात. उद्या मानही विचारू लागतील. आत्याची भीती वेडी नव्हती. पण आत्याला तपासून घ्यायला सांगायचे तर ती कशासाठी ते चारजणांना कळणार, आणि न सांगावे तर तिच्याही दारात एखादा उंबरठा असणारच. दोन दिवस मला सुचेना. तिसऱ्या दिवशी सुमीचाच फोन आला. ही मुलगी जीवतंत्रज्ञानात एम.एस्सी. झाली आहे, हे आत्या आणि मी, आम्ही दोघेही सोयीस्करपणे विसरलो होतो.

"मामा," ती म्हणाली, "आजीला मी उद्याच घेऊन जातेय एक्स-रेला. आणि तू जनुकांवर भलतंसलतं वाचत बसू नकोस. मीच सांगते."

तिने जे सांगितले ते मी माझ्या भाषेत देतो. जपान्यांनी ३४७ रुग्णांच्या जवळच्या १,०३० नातेवाइकांच्या मानांचे एक्स-रे तपासले. त्यांतल्या सुमारे २३ टक्के लोकांत तीच रेघ होती. म्हणजे एरवी शंभरात दोनचार, आणि रुग्णाच्या रक्ताच्या नात्यात शंभरात तेवीस. 'खाण तशी माती' ही म्हण करणाऱ्यांनी एक्स-रे पाहिले नव्हते, एवढेच. मग ही माती आणणारे जनुक कोणते, याचा शोध सुरू झाला. चवड्यांवर चालणाऱ्या उंदरांची एक जात प्रयोगशाळेत होती. त्यांचे अस्थिबंध असेच हाडावत. १९९८ साली त्यांच्यातला दोष सापडला. शरीरात पायरोफॉस्फेट नावाचे एक द्रव्य असते, जे नको तिथे चुना साठू देत नाही. ते तयार करणारे जनुकच या उंदरांत बिघडलेले होते. मी लगेच म्हणालो, "म्हणजे नानांचंही तेच!" सुमी म्हणाली, "घाई नको. नाना उंदीर नाहीत."

माणसाचा मामला उंदराहून गुंतागुंतीचा निघाला. त्याच सुमारास सहाव्या गुणसूत्रावरच्या, आणि पुढे २००३ साली एकविसाव्या गुणसूत्रावरच्या, कोलॅजेन या चिवट प्रथिनाच्या जनुकांकडे संशयाचे बोट दाखविले गेले. पण एकेका जनुकाला धरून रोग पकडता येईना. २०१४ साली हजाराहून अधिक रुग्णांची सगळी जनुकमाला चाळून सहा संशयित जागा निघाल्या. २०२३ साली २,०१० रुग्ण आणि २०,००६ इतर माणसे यांची तुलना झाली, तेव्हा त्या जागा चौदा झाल्या. आणि यातली एकेक जागा धोका वाढवते तो जरासाच. "मामा, एका पणतीनं दिवाळी होत नाही," सुमी म्हणाली. "पुष्कळ लागाव्या लागतात. वर वयाचं, वजनाचं तेल. म्हणून अमुक जनुक आहे का, अशी एक चाचणी करून तुला होणार की नाही, हे आज कोणी डॉक्टर सांगत नाही. मुलाकडच्यांनी विचारलं तर सांगायला तरी काय आहे?"

वजनाचे नाव निघताच मी खुर्चीत सावरून बसलो. त्या २०२३ च्या अभ्यासात एक गमतीची युक्ती केली होती. स्थूल माणसांत हा रोग जास्त, हे जुनेच निरीक्षण. मधुमेह्यांतही जास्त. पण स्थूलपणामुळे रोग, की रोगामुळे हालचाल कमी होऊन स्थूलपणा, हे कसे ठरवणार? त्यांनी असे केले: वजन वाढण्याकडे कल देणारी जी जनुके आहेत, ती कोणाच्या वाट्याला किती यायची हे जन्माआधीच चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरलेले असते. रोग तिथे लुडबूड करू शकत नाही. ज्यांना वजनाच्या चिठ्ठ्या जास्त आल्या त्यांच्यात हा विकारही जास्त आढळला. म्हणजे वजन हे नुसते सोबती नाही, आरोपी आहे. भक्कम हाडांच्या चिठ्ठ्यांचेही तसेच निघाले. म्हातारपणी हाडे ठिसूळ होतात म्हणून आपण नाचणी खातो आणि काही जणांची हाडे नको तितकी उत्साही असतात! माझे वजन चौऱ्याऐंशी किलो आहे. आजोबा बदलता येत नाहीत, जनुके बदलता येत नाहीत. उरले काय, तर चकल्या. आमच्या सौ.ने हा भाग ऐकला आणि यंदाच्या फराळाचे प्रमाण निम्मे केले. विज्ञानाचा प्रसार घरात होऊ देण्यापूर्वी वाचकांनी विचार करावा.

डॉक्टरांनी माझा एक्स-रे काढायचा का, हे मीच विचारले. ते म्हणाले, त्रास नसेल तर घाई नाही. पण बटणे, अक्षर, चालणे यांवर लक्ष असू द्या, आणि तसे काही वाटले तर वय झाले म्हणून घरी बसू नका. माझा मुलगा सतरा वर्षांचा आहे. त्याला हे सगळे केव्हा सांगावे, यावर आम्हां नवराबायकोत एकमत झालेले नाही. तिचे म्हणणे, तिशीनंतर. माझे म्हणणे, तो दाराआडून ऐकतोच आहे.

नानांची शस्त्रक्रिया वैशाखात झाली. मला वाटले होते, ते हाड खरवडून काढतील. काही जणांत पुढून तसे करतातही. पण नानांचे हाड चार मणक्यांभर पसरलेले. तिथे मागूनच जागा करून देणे बरे, असे डॉक्टरांनी ठरविले. टोकियोच्या केइओ विद्यापीठातील हिराबायाशी यांनी १९७७ च्या सुमारास बसविलेली ही रीत. मणक्याची मागची कमान एका बाजूने पूर्ण कापायची, दुसऱ्या बाजूने नुसती अर्धी खाच द्यायची, आणि मग ती कमान दार उघडावे तशी उघडायची. खाचेची बाजू बिजागरीचे काम करते. नळी रुंद होते, रज्जू मागे सरकतो आणि मोकळा होतो. पुढचे हाड राहते तिथेच.

डॉक्टर हे कागदावर काढून दाखवीत होते. नाना म्हणाले, "एका अंगाला आरपार आणि दुसऱ्या अंगाला अर्धा काप. म्हणजे कंदिलाचा पुठ्ठा."

"काय म्हणालात?"

"पुठ्ठ्याला घडी घालायची तर ब्लेडनं अर्धाच कापतात. आरपार गेला तर तुकडा पडतो, कमी गेला तर घडी मोडते. हात साधावा लागतो, डॉक्टर. तुमचा साधलाय ना?"

डॉक्टर म्हणाले, साधला आहे. नानांनी सही केली. सही ओळखू येत नव्हती.

डॉक्टरांनी आधीच स्पष्ट सांगितले होते: शस्त्रक्रियेने प्रामुख्याने पुढची हानी थांबते, गेलेले किती परत येईल ते रज्जूने किती दिवस सोसले त्यावर असते. हे वाक्य ऐकताना मी मनात महिने मोजले. दिवाळी ते पाडवा, पाच. त्याच्याही आधीचे किती, देव जाणे. त्यातला एखादा तरी महिना माझ्या त्या विनोदाच्या खाती जातो. नानांना मी हे एकदा बोललो. ते म्हणाले, "अरे, कंदील वाकडा होता हे खरंच ना? मग?" आणि वर्तमानपत्र उघडले.

आत्याच्या मानेतही रेघ निघाली, पण रज्जूला दाब नाही. तिला वर्षातून एकदा दाखवायला सांगितले आहे. न्हाणीघरात चिकटणारी चटई आली, जिन्यात दिवा आला. आणि सुमीने पाहायला आलेल्या मंडळींना पोहे संपायच्या आत सगळे स्वतःच सांगून टाकले. आत्याने डोक्याला हात लावला. मुलाची आई क्षणभर थांबून म्हणाली, "आमच्याकडे मधुमेह आहे हो दोन्ही बाजूंना. सांगायचं राहूनच गेलं होतं." पुढे काय ठरायचे ते अजून ठरलेले नाही. हे सदर लिहिण्यापूर्वी मी सुमीला विचारले. ती म्हणाली, "लिही. माझं नाव तेवढं बदल." ते बदलले आहे.

हा मजकूर मी नवरात्रात लिहितो आहे. नानांची मूठ आता दहा सेकंदांत पंधरा वेळा मिटते. बटणे स्वतः लावतात, खालचे शेवटचे सोडून. बोटांच्या व्यायामासाठी रबराचा चेंडू दिला होता. तो त्यांनी शेजारच्या मुलाला देऊन टाकला आणि कपाटावरून घोटीव कागदाचे जुने ताव काढून घेतले. कंदील बाजारातून आणायचा, हे त्यांना मान्य आहे. झिरमिळ्या मात्र बाजारच्या लावायच्या नाहीत. सकाळी दहा वाजता ते कात्री घेऊन खिडकीशी बसतात. काल दोन तासांत अकरा झाल्या. त्यातल्या चार त्यांनी स्वतःच बाजूला काढल्या आणि मला विचारले, "कशा आहेत?"

मी म्हणालो, "दोन वाकड्या आहेत."

"तीन," ते म्हणाले, आणि त्यांनी पुढचा कागद ओढला.